प्रतिसाद: मोठ्या रंगमंचाशिवायही उत्सव होतो

‘मोठा रंगमंच आणि प्रायोजक नसतील तर सांस्कृतिक उत्सव टिकत नाही’ हे वरचं मत मला अजिबात पटलं नाही. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातलं मिलटाउन मॅलबे हे छोटंसं गाव बघा. तिथले इलन पाइप्सवादक विली क्लॅन्सी १९७३ मध्ये गेले. (इलन पाइप्स म्हणजे आयरिश बॅगपाइप; हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखालच्या भात्याने त्यात हवा भरतात.) त्याच वर्षी त्यांच्या आठवणीत सुरू झालेली संगीताची उन्हाळी शाळा अजून जुलैत भरते. दिवसा वर्ग, आणि मग पबमध्ये टेबलाभोवती फिडल (म्हणजे व्हायोलिन), बासरी, कॉन्सर्टिना (हातात धरून वाजवायची छोटी भात्याची पेटी). एकाने धून धरली की बाकीचे त्यात मिसळतात. माइक नाही, तिकीट नाही. नवख्याने आधी ऐकायचं, धून येत असेल तरच वाजवायचं. नावाजलेला वादक आणि शिकाऊ पोर शेजारीशेजारी बसतात, हे मला फार मोलाचं वाटतं.