बँडचा ‘साउंड’ बदलला हे मराठीत कसं म्हणाल? बाज, पोत, धाटणी की अजून काही?

मंडळी, आवडत्या अल्टरनेटिव रॉक बँड्सवर मराठीत लिहायला घेतलंय आणि दर दुसऱ्या वाक्यात ‘साउंड’ येतोय. साउंड हा शब्द मला परका वाटत नाही, मुंबईत गिटार हातात घेतलेला प्रत्येक जण तोच वापरतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात असं मला लिहिताना सारखं जाणवतंय आणि मराठीत त्या वेगळ्या करता येतात, म्हणून हा धागा.

आधी जे शब्द बाद केले ते सांगते. ‘आवाज’ लिहिलं की गायकाचा गळा तरी वाटतो नाहीतर स्पीकरचा व्हॉल्यूम. ‘ध्वनी’ म्हटलं की डेसिबल मोजायला माणसं आल्यासारखं वाटतं. ‘नाद’ खूप गोड शब्द आहे पण आपल्याकडे नाद लागतो, नाद सुटत नाही, त्यामुळे ‘बँडचा नाद’चा अर्थ बँडचं वेड असाच निघतो. ‘धाटणी’ ठीक आहे पण ती लिखाणाला, कपड्याला जास्त शोभते.

उरले दोन, पोत आणि बाज. पोत म्हणजे कापडाचा, जमिनीचा असतो तो, कानाला जे पहिल्यांदा लागतं ते, खरखरीत की गुळगुळीत, दाट की विरळ. आणि बाज (तो बाज, ती बाज म्हणजे खाट) आपल्याला तबल्यामुळे माहीत आहे. दिल्ली बाज बंद, बोटांचा, किनारीवर खेळणारा, आणि पूरब बाज खुला, पखवाजाकडे झुकणारा. तबला तोच असतो, शाईही तीच, वाजवण्याची रीत वेगळी. लावणीचा बाज, वगाचा बाज म्हणतो तेव्हाही आपल्याला हेच म्हणायचं असतं.

आता हे माझ्या सगळ्यात लाडक्या बँडला लावून बघा, आरईएम. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावचा हा बँड, १९८० मध्ये सुरू झाला आणि २०११ मध्ये थांबला. १९८३ च्या ‘मर्मर’ या अल्बममध्ये पीटर बकची गिटार अशी एकेक तार सुटी वाजते, गायक मायकल स्टाइपचे शब्द अर्धे कळतच नाहीत. १९९१ च्या ‘आउट ऑफ टाइम’मध्ये बकच्या हातात चक्क मँडोलिन येतं, ‘लूझिंग माय रिलिजन’ सगळं त्याच्यावर उभं आहे, पुढच्या वर्षी ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’मध्ये काही गाण्यांना व्हायोलिनं-चेलो येतात, ज्यांची मांडणी लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सने केली, आणि १९९४ ला ‘मॉन्स्टर’मध्ये एकदम फाटक्या आवाजाच्या मोठ्या गिटारी. दर वेळी पोत बदलला. पण बाज? मला तरी तो तोच ऐकू येतो, बक तारा सुट्या सोडतो, माइक मिल्सचा बेस मागे न राहता स्वतःची चाल गात असतो आणि बिल बेरीचे ड्रम्स कुठेही मिरवत नाहीत, गाण्याला धरून राहतात. मग १९९७ मध्ये बेरी बँड सोडतो, आणि १९९८ च्या ‘अप’मध्ये ड्रम मशीन, सिंथ (सिंथेसायझर). इथे मी लिहीन की बाज बदलला, कारण चौघांनी मिळून वाजवायची जी रीत होती तीच राहिली नाही. ‘साउंड बदलला’ असं मँडोलिनलाही म्हणायचं आणि बेरीच्या जाण्यालाही, तर ‘अप’ पहिल्यांदा ऐकताना पोटात जे तुटलं ते सांगताच येत नाही.

प्रतिसाद: पोत-बाज फरक आवडला. पण रेडिओहेड या ब्रिटिश बँडचं काय? त्यांच्या ‘किड ए’ अल्बममध्ये तर सगळंच बदललं ना?

माझं उत्तर: रेडिओहेड अवघड आहेच. १९९७ चा ‘ओके कॉम्प्युटर’ गिटारींचा, आणि २००० चा ‘किड ए’ उघडतो तो सिंथ आणि कापून-चिरून टाकलेल्या गायक थॉम यॉर्कच्या आवाजाने, गिटारवादक जॉनी ग्रीनवुड गिटार बाजूला ठेवून ओंद मार्तेनो नावाचं जुनं फ्रेंच इलेक्ट्रॉनिक वाद्य वाजवतो. लोकांनी तेव्हा म्हटलं की हा बँडच वेगळा. पण २००७ च्या ‘इन रेनबोज’मध्ये गिटारी परत येतात आणि त्या ‘किड ए’च्या शिस्तीत वाजतात, छोटे छोटे तुकडे एकमेकांत विणत, म्हणजे ‘किड ए’मध्ये जो बाज त्यांनी घडवला तो वाद्यं परत आली तरी टिकला. माझ्यासाठी हा त्या बँडचा सगळ्यात मोठा पराक्रम आहे.

प्रतिसाद: ‘इव्हॉल्व्ह होत गेला’ला काय? उत्क्रांत?

माझं उत्तर: उत्क्रांत नको, जीवशास्त्राचं पुस्तक उघडल्यासारखं होतं. ‘विकसित’ म्हटलं की आधीचं कच्चं होतं असं सुचवल्यासारखं वाटतं आणि ‘मर्मर’ला कच्चं म्हणणारं वाक्य मी लिहिणार नाही. आपल्याकडे साधं क्रियापद आहे की, ‘बदलला’ आणि ‘बदलत गेला’. रेडिओहेडचा पोत २००० मध्ये बदलला. आर्क्टिक मंकीजचा बदलत गेला, २००६ च्या पहिल्या अल्बमचा धावता गिटार-ड्रम्सचा सपाटा, मग ‘हंबग’, मग २०१३ चा ‘एएम’ संथ आणि जड, आणि २०१८ ला थेट पियानोवर. त्या एका ‘गेला’त सगळा प्रवास येतो.

प्रतिसाद: आपल्या मुंबईतलं उदाहरण द्या ना, बाहेरचेच किती.

माझं उत्तर: पेंटाग्राम! विशाल ददलानीचा बँड, हिंदी सिनेमात तो संगीतकार म्हणून गाजण्याच्या आधीपासूनचा. १९९६ चा ‘वी आर नॉट लिसनिंग’ जड गिटारींचा आणि २००२ च्या ‘अप’मध्ये (आरईएमच्या अल्बमचं नावही तेच, योगायोग) इलेक्ट्रॉनिक्स घुसलं. पोत पार पालटला, पण विशालचा समोरच्याला हलवून जागं करणारा गाण्याचा बाज तोच. आणि त्याच्याही आधी रॉक मशीन, १९९३ मध्ये इंडस क्रीड झाले, म्हणजे बाजाबरोबर नावही बदललं. धोबीतलावच्या रंगभवनात या लोकांना ज्यांनी ऐकलंय त्यांनी इथे जरूर लिहा, कारण रेकॉर्डिंगवरून पोत कळतो पण बाज समोर बसूनच नीट कळतो असं मला वाटतं.

प्रतिसाद: आणि ‘अल्टरनेटिव’? पर्यायी रॉक?

माझं उत्तर: पर्यायी म्हटलं की गाडी बंद पडल्यावरचा पर्यायी मार्ग. ‘समांतर’ जास्त जवळचा, आपल्याकडे समांतर सिनेमा होताच, आणि ऐंशीच्या दशकात कॉलेज रेडिओवर वाजणारं हे संगीत मुख्य प्रवाहाला खरंच समांतर होतं. पण जानेवारी १९९२ मध्ये निर्वाणा या बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला अमेरिकेतल्या पहिल्या नंबरवरून हटवलं, त्यानंतर समांतर कसं म्हणणार? म्हणून ऐंशीच्या दशकाबद्दल लिहिताना ‘समांतर’ आणि त्यानंतरच्यासाठी सरळ ‘अल्टरनेटिव’ ठेवते. यू टू या बँडच्या ‘अख्टुंग बेबी’ या अल्बमवर पुढे लिहिणार आहे, तिथे पोत बदलला की बाज, यावर तुमचं मत आधी ऐकायचंय, कारण मला त्यांचा गिटारवादक एज याची गिटार दोन्हीकडे ओढते.