किनाऱ्यावरचं हिमवादळ येतंय, तुमचे अनुभव सांगा

शनिवारी आमच्याकडे हळदीकुंकू आहे (मध्य न्यू जर्सी), वाण आणून झालं, तिळगूळ वळून झाला, आणि आता म्हणे नॉरईस्टर (इथलं किनाऱ्यालगतचं वादळ) येतोय. काल अंदाज ३ ते ६ इंच बर्फाचा होता, आज सकाळी ८ ते १२, आत्ता बघितलं तर 'पावसात रूपांतर शक्य'. नवरा म्हणतो सगळं त्या लो प्रेशरवर (कमी दाबाच्या केंद्रावर) आहे, कॅनडाची थंड हवा आणि गल्फ स्ट्रीम या उबदार समुद्रप्रवाहावरची ओली हवा भेटली की तो किनाऱ्याजवळ तयार होतो, मग किनाऱ्याला फार चिकटून गेला तर समुद्राची ऊब आत शिरून पाऊस, फार लांबून गेला तर काहीच नाही, आणि मधून गेला की आपलं कल्याण, म्हणजे भरपूर बर्फ. आय-९५ हायवेचा पट्टा, म्हणजे आपण, बहुतेक वेळा नेमका पाऊस-बर्फाच्या सीमेवर. (आपला मान्सून नैऋत्येचा, हे वारं ईशान्येचं, नॉर्थईस्टचं, म्हणून नॉरईस्टर.) कार्यक्रम ठेवू का पुढे ढकलू? आणि तुमचे किस्से येऊ द्यात.

क्वीन्सहून:
जानेवारी २०१५ आठवतंय का कोणाला? न्यूयॉर्कला दोन-तीन फूट सांगितलं होतं, बर्फासाठी सबवे पहिल्यांदाच बंद केली, मी ऑफिसातून लवकर निघून बटाटे, दूध, मेणबत्त्या सगळं आणलं आणि सकाळी उठून पडदा बाजूला करते तर काय, सेंट्रल पार्कला ९.८ इंच! पण लाँग आयलंडला पन्नासेक मैलांवर आयस्लिपला खरंच दोन फूट पडला. वादळ जरा पूर्वेला सरकलं, बास. फिलाडेल्फियाच्या बाजूच्या एका हवामान अधिकाऱ्याने ट्विटरवर चक्क माफी मागितली. मला तर वाईट वाटलं बिचाऱ्याचं.

बॉस्टनहून:
ताई, तुमचा हुकलेला बर्फ आमच्याकडे आला ना! त्याच वादळात २४.६ इंच, आणि पूर्ण सीझनला ११०.६, अजूनही रेकॉर्ड आहे. त्या वर्षी आईबाबा आले होते. इथे पार्किंगची जागा उपसून काढली की लोक तिथे खुर्ची ठेवतात, म्हणजे जागा माझी. बाबांना कुठे माहीत, ते चालायला गेले आणि 'चांगली खुर्ची कोणीतरी टाकून दिलीय' म्हणून घरी घेऊन आले. मी रात्री अकरा वाजता ती परत ठेवायला गेलो तर तिथे गाडी लागलेली. कोणाची ते विचारायची हिंमत झाली नाही, खुर्ची शेजारी ठेवून पळालो 😅

एडिसनहून:
दूध ब्रेड अंडी संपतात ते समजू शकतो, पण इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर का संपते??

हार्टफर्डजवळून:
आमचं जानेवारीचं नाहीच, २९ ऑक्टोबर २०११. बुधवारी लक्ष्मीपूजन झालेलं, शनिवारी मंडळाची दिवाळी, माझं नाटुकलं बसवून तयार. झाडांवर अजून पानं होती, त्यावर ओला जड बर्फ साचला आणि रात्रभर फांद्या मोडल्याचे आवाज, फटाके फुटावेत तसे. कनेक्टिकटमध्ये आठ लाखांवर ग्राहकांची वीज गेली. आमची आठव्या दिवशी आली. हीटर बंद, मुलगी तीन वर्षांची. गॅसची शेगडी काडीने पेटत होती म्हणून निभावलं, तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ पिठलं-भात. शेजारची आजी, इथलीच, कधी भारतीय खाल्लेलं नव्हतं, रोज वाटी घेऊन यायला लागली. चिवडा, शंकरपाळे तिनेच संपवले. त्यानंतर मी इंच बघतच नाही, बर्फ ओला की कोरडा तेवढं आधी बघते.

वूस्टरहून:
थोडं कामाचं. बर्फात अडकलेल्या गाडीत हीटर लावून बसायचं असेल तर आधी मागचा एक्झॉस्ट पाइप मोकळा करा, बर्फाने बुजला तर विषारी वायू आत येतो, वास पण येत नाही. सगळा बर्फ थांबल्यावर एकदम उपसू नका, दर चार-पाच इंचाला एक फेरी मारा. आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी प्लाऊवाला (रस्त्याचा बर्फ ढकलणारा ट्रक) जी भिंत करून जातो ती शेवटी काढा, नाहीतर तो परत येतोच. नवऱ्याला पन्नाशीनंतर बर्फ उपसायला एकट्याला पाठवू नका, हे सिरियसली सांगतेय.

पुन्हा मीच:
सगळ्यांना थँक्यू. दुपारचा अपडेट: ५ ते ८, रात्री नऊनंतर, आणि ओला. कार्यक्रम रविवारवर नेला नाही, शनिवारी सकाळी अकराला घेतलाय, चारपर्यंत सगळ्या घरी. कोथिंबीर कोणाला मिळाली तर माझ्यासाठी दोन जुड्या आणा.