मदत हवी आहे: रोज जवळ बाळगायला टॉरस जी३सी पिस्तूल कसं आहे?

मंडळी, मी टेक्सासमध्ये राहतो, ग्रीन कार्ड आहे. रात्री उशिरा दुकान बंद करून रोकड घेऊन निघावं लागतं. २०२१ पासून इथे २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, तरी मी रीतसर परवाना काढणार आहे.

बजेट बेताचं, त्यात होल्स्टर (पिस्तूल अंगावर बाळगायची म्यान) आणि सरावाच्या गोळ्याही आल्या. टॉरस जी३सी मनात भरलंय: ९ मिमी, मॅगझिनमध्ये १२ गोळ्या, ३.२ इंचांची नळी आणि अंगठ्याने लावायची सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेला खटका). (भारतात ९ मिमी सामान्य माणसाला मिळतच नाही, त्यामुळे गावाकडच्या जाणकारांना विचारून उपयोग नाही!) सिग पी३६५ नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेऊन चालवलं. जास्त सडपातळ आहे, पण किंमतही बरीच वर. रुगर एलसीपी मॅक्स खिशात मावतं, पण इतक्या हलक्या पिस्तुलाचा धक्का मनगटाला नकोसा होतो आणि मग सराव टाळला जातो, असं माझं मत.

जी३सी वापरणाऱ्यांनी सांगा: हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ असलेल्या) गोळ्या अडकतात का? साध्या गोळ्यांवर चालणारं पिस्तूल हॉलो पॉइंटवर रुसतं असं ऐकलंय. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात टी-शर्टखाली उठून दिसतं का? स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायला जड आहे का? बायकोलाही शिकायचंय.

घरात लहान मुलगी आहे, म्हणून पलंगाजवळ ठेवायची छोटी तिजोरीही सुचवा. बोटाच्या ठशाची की आकड्यांच्या कुलपाची? बंदूक घ्यावीच का, हा वाद कृपया इथे नको.