लॅपटॉप घेताना आधी इंच बघा, पिक्सेल मागून

गांधीबाग_खतावणी

राजेहो, काल नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, लॅपटॉपची तीन दुकानं पालथी घातली. शेवटी एकाच किमतीची दोन मशीनं उरली. एक 15.6 इंची, फुल एचडी, म्हणजे 1920 गुणिले 1080 पिक्सेल, पडद्यावरचे बारीक ठिपके. दुसरं 14 इंची, 2880 गुणिले 1800, ओएलईडी पडद्याचं. प्रोसेसर, रॅम उन्नीस-बीस. दुकानातला पोट्टा दुसऱ्याच्याच मागे लागला होता. त्यावर त्याने संत्र्याचा व्हिडिओ लावून ठेवला होता, साल सोलताना उडालेला रसही दिसावा असा. पहिल्यावर नुसतं विंडोजचं निळं चित्र. आता मी काय दिवसभर संत्री बघत बसणार आहे?

माझं काम कापडवाल्यांची खाती लिहिण्याचं. वय 49, जवळचा नंबर दीड. पोट्टा म्हणे, "काका, यात पिक्सेल जास्त, म्हणून एक्सेलचे रकानेही जास्त दिसतील." मी सेटिंग उघडून पाहिलं, स्केलिंग, म्हणजे अक्षरं किती मोठी करून दाखवायची ते, 200 टक्के! म्हणजे जागा उरली 1440 गुणिले 900 एवढीच. ते 100 वर आणलं तर रकाने ढीगभर दिसले, पण आकडे राईएवढे. वाचणार कोण?

म्हणून माझं मत असं की अक्षर केवढं हवं हे आपले डोळे ठरवतात. ते एकदा ठरलं की पडद्यावर किती मावेल हे फक्त इंचांवर. पिक्सेल वाढवले तर तेच अक्षर घोटीव दिसतं, जागा काही वाढत नाही. टेप खिशात असतोच आमच्या, मोजून पाहिलं. 15.6 ची रुंदी साडेचौतीस सेंटीमीटर, 14 ची तीस. ते साडेचार सेंटीमीटर म्हणजे माझा शेरा लिहायचा अख्खा रकाना. कोणाला पटत नसेल तर बोला.

खापरी_पावणेनऊ

नाही पटत. भाऊ, तुमचं मशीन गादीवरून हलणार नाही. मी रोज सुभाषनगरहून मेट्रो धरतो, सीताबर्डीला गाडी बदलून खापरी, पुढे मिहानचा कंपन्यांचा परिसर. मे महिन्यात ती पिशवी पाठीला चिकटते तेव्हा पावणेदोन किलो आणि सव्वा किलो यातला फरक कोणी सांगावा लागत नाही.

आणि पिक्सेलना नुसतं घोटीवपणावर काढू नका. चांगल्या नजरेला दोन ठिपके वेगळे ओळखायला डोळ्याशी साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन पुरतो. त्या हिशेबाने तुमचा 15.6 फुल एचडी, म्हणजे इंचाला 141 पिक्सेल, बासष्ट सेंटीमीटर लांबून गुळगुळीत दिसेल. पण लॅपटॉपवर आपण पंचेचाळीस-पन्नासवर बसतो, कीबोर्ड त्यालाच चिकटलेला असतो ना. पंचेचाळीसवर इंचाला 190 च्या वर लागतात. 14 इंचीवाल्यात 243 आहेत. दिवसभर कोड वाचल्यावर संध्याकाळी जो फरक कळतो, तो दुकानात पाच मिनिटांत कळत नाही.

गांधीबाग_खतावणी

ती चांगली नजर कोणाची, पंचविशीतल्या पोराची ना? माझ्या डोळ्यांना चष्म्याशिवाय तुमचे 243 आणि 141 भाऊभाऊच. चष्मा लावून फरक दिसतो, मान्य. पण पाठ वाचवा, डोळे वाचवा, हा सल्ला मिहानवाल्यांना ठीक. आमची पाठ रिकामीच असते.

पोट्टा_चौथं_सेमिस्टर

दोघंही काहून भांडून राहिले? 2880 वर गेम चालवून पाहा, पंखा कूलरसारखा वाजते. 1080 ला वीस लाखांच्या वर पिक्सेल, त्याला बावन्न लाखांच्या जवळ. एवढे ढकलायला ग्राफिक्स कार्ड लागते आणि बॅटरीही खाते. होस्टेलवर दुपारी लाइट गेली की मले एक तास जास्त चालणारं मशीन पाहिजे, बाकी काही नाही.

हां, एक सांगतो. बर्डीवर 'एचडी' म्हणून अजूनही कोणी 1366 गुणिले 768 टेकवते. त्याच्यावर नुसतं 'एचडी' लिहिलं असते, 'फुल' नसते. 15.6 इंचात ते इंचाला 100 पिक्सेल. ते घेऊ नका, फुकट दिलं तरी.

मात्रा_वेलांटी

खतावणीदादा, तुमच्या आकड्यांना शिरोरेघ नाही म्हणून तुम्हाला सुचतंय हे. मी मराठी मुद्रितं तपासते. स्मरणिका, पत्रिका, शाळांची वार्षिकं.

इंग्रजी अक्षराचा कारभार बहुतेक एका मजल्यावर चालतो, वर-खाली फार तर काडी नाहीतर शेपूट. आपला तीन मजली: वर मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार. अकरा पॉइंटचा मजकूर इंचाला 100 पिक्सेलच्या पडद्यावर जेमतेम पंधरा पिक्सेल उंचीत बसतो. त्या पंधरात तीन मजले बांधायचे! 'र्कीं' लिहून बघा, रफार आणि अनुस्वार एकमेकांच्या मांडीवर बसतात. 141 ला एकवीस-बावीस मिळतात, 243 ला सदतीस.

तीन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाची पत्रिका माझ्या हातून 'उद्धाटन' छापून गेली. द्घ आणि द्ध. जुना 15.6 इंची पडदा होता, भला मोठा, आणि त्यावर दोन्ही सारखीच गाठ दिसायची. आयोजकांनी पाचशे पत्रिका परत दिल्या नाहीत, पण नंतर काम दिलं नाही. तेव्हापासून मी इंच विचारत नाही.

गांधीबाग_खतावणी

ताई, तो पडदा बहुतेक पोट्ट्याने सांगितलेला नुसता 'एचडी' असणार. त्याची बाजू मी घेतच नाही. आणि कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवलं की उद्घाटन तुमच्या ताटात. झूम कशासाठी असतं?

मात्रा_वेलांटी

बरोबर, तो 768 चाच होता. पण झूम केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. प्रत्येक ओळीला डावी-उजवीकडे सरकत वाचलं की मजकुराचा ओघ तुटतो आणि 'तो गेली' सुटून जातं. शंका आली तर झूम करतात हो. उद्धाटनची मला शंकाच आली नव्हती.

खापरी_पावणेनऊ

हेच म्हणतो मी.

गांधीबाग_खतावणी

थांबा, थांबा. झूम करूनही ओळ पूर्ण दिसायला काय लागतं? रुंद पडदा! ताईंनी माझीच बाजू मांडली की.

मात्रा_वेलांटी

अर्धी. दुसरी अर्धी अशी की दाट पडद्यावर झूमची गरजच कमी पडते. आता यावर चहा घ्या.

तारीख_पे_तारीख

हायकोर्टाच्या खंडपीठात वकिली करतो. तुम्ही सगळे इंच आणि पिक्सेल धरून बसलात, आकाराकडे कोणाचं लक्षच नाही. इंच मोजतात तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. ते उंची किती हे सांगत नाहीत.

खतावणीभाऊ, रुंदी मोजलीत, उंची मोजली नाहीत. तुमचा 15.6 आहे सोळास नऊ, म्हणजे रुंदी सोळा तर उंची नऊ, त्याची उंची सव्वाएकोणीस-साडेएकोणीस सेंटीमीटर. तो 14 आहे सोळास दहा, त्याची उंची पावणेएकोणीसच्या आसपास. म्हणजे उभं मोजलं तर दोघांत अर्ध्या बोटाचा फरक! ए4 कागद एकोणतीस पूर्णांक सात सेंटीमीटर उंच. शपथपत्र वाचताना मला रुंदीचं काय लोणचं घालायचंय? मला ओळी जास्त दिसायला हव्यात.

16 इंची, 1920 गुणिले 1200 असं मिळतं. रुंदी तुमच्या 15.6 एवढीच, उंची साडेएकवीस. दाटपणा तोच, 141. पिशवीत जागा जवळजवळ तेवढीच लागते, पण दोन सेंटीमीटर कागद जास्त. हे दुकानात तुम्हाला कोणी दाखवलं का?

गांधीबाग_खतावणी

नाही दाखवलं. वकीलसाहेब, उंचीचं सुचलंच नाही, कापडवाल्यांत राहून पन्ह्याचीच, म्हणजे कापडाच्या रुंदीचीच, सवय. खतावणीला ओळीही लागतातच. ताई, तुमची एखादी चुका असलेली फाइल पाठवा. पेन ड्राइव्हवर घेऊन जातो.

मात्रा_वेलांटी

पाठवली. एक पान आहे, अकरा पॉइंट. मुद्दाम चुका पेरल्यात, किती ते नंतर. झूम करायचं नाही.

गांधीबाग_खतावणी

जाऊन आलो. दुकानदार आधी पेन ड्राइव्हला नाही म्हणाला. व्हायरसचं कारण, ते त्याचंही बरोबर. फाइल मग स्वतःला ईमेल करून उघडली. दुपारची तीनची वेळ, काचेच्या दारातून ऊन थेट आत. चकचकीत ओएलईडीत मला माझाच चेहरा दिसत होता, 16 इंची मॅट पडद्यावर तसं नाही. हा मुद्दा तुमच्यापैकी कोणीच काढला नव्हता, लिहून ठेवा.

16 इंचीवर पाच चुका सापडल्या. 14 वर, दारापासून आत नेऊन, सात. चष्मा दोन्ही वेळा होता. 16 इंची चार हजारांनी महाग आहे, तरी मला तोच आवडला. वाटलं तर फाइल मोठी करून वाचीन.

मात्रा_वेलांटी

नऊ होत्या.

पोट्टा_चौथं_सेमिस्टर

काका, आधी 16 वर वाचलं ना? मग दुसऱ्यांदा तेच पान वाचताना दोन जास्त सापडणारच. याले टेस्ट म्हणत नाहीत.

गांधीबाग_खतावणी

अरे बाप्पा. ताई, दुसरं पान पाठवा. शनिवारी परत बर्डी, आणि या वेळी आधी 14.