ग्रेफ्रायर्सच्या बॉबीची कबर: काठी ठेवायची की नाही?

रानभुली
लेकीकडे स्कॉटलंडमधल्या एडिंबराला गेले होते. ग्रेफ्रायर्स दफनभूमीचं फाटक ओलांडलं की लगेच लालसर ग्रॅनाइटचा एक दगड दिसतो, बॉबी नावाच्या कुत्र्याचा. गोष्ट अशी: रात्रीची गस्त घालणारा पोलीस जॉन ग्रे १८५८ मध्ये क्षयाने गेला आणि त्याचा हा टेरियर पुढे १४ वर्षं, १८७२ मध्ये स्वतः मरेपर्यंत, मालकाच्या कबरीपाशी बसून राहिला. दगडापुढे काठ्यांचा हा ढीग! बॉबीला खेळायला म्हणून लोक ठेवतात. पावसात भिजून लोळागोळा झालेलं एक कापडी कुत्रंही होतं. जावई म्हणाले, "आई, तुम्हीही ठेवा एखादी." मी नाही ठेवली. तिथेच आत काही कबरींवर लोखंडी पिंजरे आहेत. पूर्वी प्रेतं उकरून शरीरशास्त्राच्या मास्तरांना विकायचे, म्हणून बसवलेले. तिकडे चिटपाखरू नव्हतं. माझं चुकलं का?

खडूस कोकण्या
अजिबात नाही. यान बोंडेसन या अभ्यासकाने २०११ मध्ये मांडलंय की बॉबी एक नव्हताच, दोन होते. पहिला मेल्यावर तसाच दुसरा आणून बसवला. दुपारी एकची तोफ झाली की कुत्रं खाणावळीत जेवायला जातं, हे बघायला गर्दी जमायची. ती गर्दी काय उपाशी परत जात असेल? धंदा होता हो सगळा.

माजघरातली
असहमत. १८६७ मध्ये नगरप्रमुख विल्यम चेंबर्स यांनी पदरचे पैसे भरून बॉबीचा परवाना काढला, गळ्यात पट्टा घातला. तो पट्टा तिथल्या संग्रहालयात आहे. म्हणजे कुत्रं होतं, एक की दोन एवढाच वाद. आणि गावच्या पिरापुढे नारळ फोडताना तुम्ही दाखला मागता का?

खडूस कोकण्या
नारळ फोडा, काठ्याही ठेवा. पण कोपऱ्यावरच्या बॉबीच्या पुतळ्याचं नाक? १८७३ चं ब्राँझ आहे. नशीब उघडतं म्हणून घासून घासून पिवळंधमक केलंय. ही काही जुनी रीत नाही, हल्लीचं खूळ आहे. नाक दुरुस्त केलं तरी लोक पुन्हा घासतात.

माजघरातली
नाकाचं मान्य. तिथे मीही हात लावणार नाही.

दुर्गवेडा
कुत्र्याचा विषय निघालाच आहे तर रायगडावर या. वाघ्याची समाधी १९३६ ची, शिवकालीन साधनांत त्याचा उल्लेख नाही. २०२५ मध्ये ती हटवायची मागणी झाली तेव्हा केवढा गदारोळ! कोकण्या, हाच न्याय तिथे लावाल?

खडूस कोकण्या
लावेन. शेजारी 'ही दंतकथा आहे' असा फलक लावा आणि राहू द्या. उखडायला कोण सांगतंय?

दुर्गवेडा
महाराजांच्या समाधीशेजारी दंतकथेला जागाच का, हा प्रश्न आहे. एडिंबराला निदान ती पोलिसाच्या शेजारी आहे.

रानभुली
रायगडासाठी वेगळा धागा काढा, नाहीतर हा शंभरी गाठेल आणि बॉबी राहील बाजूला. एक सांगायचं राहिलं. जॉन ग्रेचा दगडही पाहिला. बॉबीच्या हयातीत त्या कबरीवर काहीच नव्हतं. आताचा दगड बॉबीवर जीव असलेल्या अमेरिकन लोकांनी बसवलाय, तसं त्यावर कोरलंय. 'बॉबीचा मालक' हीच त्याची ओळख. गस्तीवाल्याला कोण दगड बसवतो एरवी? तिथेही दोन काठ्या होत्या. एक वाऱ्याने वाटेवर आली होती, ती मात्र मी उचलून जागेवर ठेवली.

माजघरातली
म्हणजे ठेवलीतच की!