अनुभव धागा : स्वस्तातल्या लायसन्स की

विंडोज, ऑफिस, अँटिव्हायरस, गेम्सच्या अनधिकृत विक्रेत्यांकडच्या की (सॉफ्टवेअर चालू करायचे कोड) ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांनी लिहा. की कुठल्या प्रकारची निघते, कशी ओळखायची, बंद का पडते? नुसतं "घेऊ नका" नको, कारण हवं.

लॅपटॉप दुरुस्ती करणारे

'ॲक्टिव्हेटेड' दिसलं म्हणजे परवाना मिळाला असं नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि 'एसएलएमजीआर /डीएलआय' (इंग्रजी अक्षरांत) चालवा. रिटेल (सुटी विकलेली), ओईएम (मशीनसोबत आलेली) की व्हॉल्यूम (संस्थेला घाऊक दिलेली), ते तिथेच कळतं. मग मुदत पाहायला त्याच कमांडला '/एक्सपीआर'. "आजीवन" म्हणून घेतलेल्या कीला तिथे मुदतीची तारीख दिसली, तर ते बहुधा केएमएस आहे, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरकडून होणारं ॲक्टिव्हेशन. हे ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि मशीन दर ७ दिवसांनी सर्व्हरकडे नूतनीकरण मागतं. असा सर्व्हर संस्थेच्या नेटवर्कसाठी असतो, किमान २५ मशीन्सनी विचारल्याशिवाय तो विंडोज क्लायंटला होकार देत नाही. घरच्या एकट्या लॅपटॉपवर केएमएस दिसतंय, म्हणजे कुणा परक्याचा सर्व्हर किंवा एखादं 'ॲक्टिव्हेटर' (तसा सर्व्हर असल्याचं भासवणारं चोरटं सॉफ्टवेअर) मध्ये बसलंय. सर्व्हरचा पत्ता '/डीएलव्ही'मध्ये दिसतो. '/सीकेएमएस'ने पत्ता जातो, '/यूपीके'ने की. ॲक्टिव्हेटरसाठी अँटिव्हायरस बंद केला असेल, तर एवढ्यावर थांबू नका. सगळं पुसून विंडोज नव्याने टाका आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.

आणि मुळात की लागते का ते आधी पाहा. विंडोज ८ पासून ब्रँडेड मशीन्सच्या फर्मवेअरमध्येच (मदरबोर्डच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये) ओईएम की असते. तीच एडिशन पुन्हा टाकली, तर ती आपोआप उचलली जाते. 'होम'च्या मशीनवर 'प्रो' टाकून मग की शोधत बसणारे फार.

संस्थेचं आयटी सांभाळणारे

'/एक्सपीआर'ने "कायमस्वरूपी" म्हटलं तरी निर्धास्त होऊ नका, एमएके कीलाही तेच उत्तर येतं. ही संस्थेच्या करारातली की, ॲक्टिव्हेशनची संख्या ठरलेली. बाहेर विकली गेली की ती संख्या संपते (एरर ०एक्ससी००४सी०२०) किंवा की ब्लॉक होते (०एक्ससी००४सी००३). विक्रेता इन्स्टॉलेशन आयडीचा (स्क्रीनवर येणाऱ्या लांबलचक आकड्याचा) फोटो मागून फोनवरून ॲक्टिव्हेट करायला लावतो, तेव्हा ऑनलाइन संख्या बहुधा संपलेली असते.

ऑफिसची 'तयार खाती' तर त्याहून वाईट. युजरनेम-पासवर्ड विक्रेता देतो, पण खातं कुठल्यातरी संस्थेच्या डोमेनवर असतं. तिथला ॲडमिन तुमचा पासवर्ड बदलू शकतो, वनड्राइव्हमधल्या फाइल्सपर्यंत पोहोचू शकतो, खातं उडवू शकतो. त्यात कामाच्या फाइल्स ठेवू नका, असतील तर आजच उतरवून घ्या.

परवान्यांचे करार पाहणारे

"जुने परवाने विकणं कायदेशीर आहे" हे विक्रेते युरोपीय न्यायालयाच्या ३ जुलै २०१२ च्या यूज्डसॉफ्ट निकालाच्या जोरावर सांगतात. निकाल खरा आहे, अटी मात्र गाळल्या जातात. परवाना कायमचा हवा, आधीच्या मालकाने आपली प्रत निकामी केलेली हवी, आणि अनेक वापरकर्त्यांचा परवाना फोडून सुटा विकता येत नाही. शिवाय तो निकाल युरोपीय संघापुरता. विक्रेत्याकडे मूळ मालकाचा कागद मागा. ईमेलवर फक्त पंचवीस अक्षरांची की आली, तर तपासणीत दाखवायला हातात काहीच नाही.

गेम्सवाले

इथे मुख्य धोका चोरीच्या कार्डावर घेतलेल्या कीचा. कार्डधारक बँकेकडून पैसे परत घेतो, नुकसान गेम बनवणाऱ्याचं होतं, मग तो की रद्द करतो आणि गेम लायब्ररीतून जातो. रीजन लॉकही (की ठरावीक देशांतच चालण्याची अट) आधी वाचा.

अँटिव्हायरसबद्दल थोडं

पाच उपकरणांचा एक कोड पाच जणांना सुटा विकतात. मुदत पहिल्या ॲक्टिव्हेशनपासून मोजली जाते, त्यामुळे शेवटच्याला वर्षाऐवजी काही महिने मिळतात. कोड टाकल्याबरोबर उरलेले दिवस पाहा आणि कमी असतील तर पैसे परत मागण्याची मुदत संपायच्या आत तक्रार करा.