कांदळवन, खारफुटी की तिवर? हरकतीच्या अर्जात कोणता शब्द लिहावा?

किनारभाषा
रायगड जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावासाठी मी सध्या हरकतीचा अर्ज मराठीत लिहून देत आहे. खाडीच्या मुखाशी होऊ घातलेल्या एका प्रकल्पाची जनसुनावणी आठ दिवसांवर आली आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा सारांश राज्यभाषेतही द्यावा लागतो. तो गावाला मिळालेला आहे आणि त्यात खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडीसाठी सर्वत्र ‘कांदळवन’ असाच शब्द आहे, म्हणून मीही तोच ठेवला. मसुदा वाचून दाखवत असताना सत्तरी ओलांडलेल्या एका मच्छीमार काकांनी मला थांबवले. “बाय, आमच्या खाडीत कांदळ नाय, तिवर हाय. जे नाय त्यावर सही कशी करू?”

ओहोटीच्या वेळी ते मला बांधावर घेऊन गेले. तिवराचे एक पान तोडून त्यांनी उलटे केले आणि जिभेला लावायला सांगितले. पान चांगलेच खारट लागले. खाली चिखलातून बोटाएवढी मुळे हजारोंनी वर आलेली होती आणि त्यांच्यामधून निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारत होत्या. काकांचा आग्रह निव्वळ शब्दासाठी नाही. मागे एकदा पाहणीसाठी आलेल्या मंडळींनी याच जागेची नोंद ‘किरकोळ झुडपे’ अशी केली होती, ही गोष्ट गाव विसरलेले नाही. नाव चुकले की जागाच कागदावरून पुसली जाते, असे त्यांचे म्हणणे आहे आणि मला ते खोडता आले नाही. तेव्हा अर्जात नेमके काय लिहावे?

पाणथळ
वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने काका अगदी बरोबर बोलले. कांदळ हे स्वतंत्र झाड आहे. त्याच्या खोडापासून कमानीसारखी आधारमुळे चिखलात उतरतात आणि त्याचे बी झाडावर असतानाच रुजते. हिरव्या काठीसारखा लांब कोंब फांदीला लोंबत राहतो आणि सुटला की थेट चिखलात रुततो. तिवराचे सगळेच वेगळे आहे. त्याची श्वसनमुळे जमिनीतून सरळ वर येतात आणि नको असलेले मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते, तुम्ही चाखलेत ते हेच. याखेरीज चिप्पी, काजळा, हुरा, मारंडी ही मंडळी आहेतच. त्यांपैकी पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. सांगण्याचा मुद्दा हा की, जो शब्द एका झाडाचा होता तो आपण अशा सगळ्या झाडांना लावला आणि मग मूळ झाडासाठी वेगळा शब्दच उरला नाही.

शब्दनिष्ठ
परिभाषा अशीच घडत असते, त्यात अन्याय पाहण्याचे कारण नाही. सुंदरबन हे नाव सुंदरी या एका झाडावरून आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते, पण म्हणून तिथल्या इतर झाडांना कोणी वनाबाहेर काढलेले नाही. महाराष्ट्राच्या वन विभागात २०१२ पासून ‘कांदळवन कक्ष’ आहे आणि शासनव्यवहारात हा शब्द आता रुळला आहे. अर्ज शासनाकडे जाणार असेल तर शासनाला ज्या शब्दाने ती जागा ओळखता येते तोच वापरावा, म्हणजे शब्दाचा आडोसा घेऊन कोणाला पळवाट काढता येणार नाही. गावागावांत निराळी नावे लिहिली गेली तर कायद्याचे संरक्षण मिळवणे अवघड होईल.

भरतीरेषा
मला ‘खारफुटी’ जवळचा वाटतो. आमच्या पिढीने शाळेत तोच शिकला आणि वर्तमानपत्रांतही तोच जास्त दिसतो. शिवाय तो एका झाडाला चिकटलेला नाही. ज्या झाडांतून खार फुटून बाहेर येतो ती खारफुटी, इतका सरळ अर्थ आहे, आणि काकांनी उलटे केलेले पान हाच त्याचा पुरावा आहे.

पाणथळ
हा अर्थ सर्व झाडांना लागू पडत नाही. पानांवाटे मीठ टाकणे तिवराला, काजळ्याला, मारंडीला साधते. कांदळ मात्र बरेचसे मीठ मुळांशीच अडवतो आणि त्याचे पान चाटून पाहिले तर असा अनुभव येत नाही. त्यामुळे खाऱ्या जमिनीत जी फुटते, म्हणजे उगवते, ती खारफुटी, अशी फोड मला अधिक पटते. अर्थात शब्द घडवणाऱ्याने आधी पान चाखले की जमीन पाहिली, हे आज कोण सांगणार?

व्युत्पत्तिप्रेमी
तिवराबद्दल एक विचार बरीच वर्षे माझ्या मनात आहे. संस्कृतात ‘तीवर’ या शब्दाचे अर्थ मासेमार आणि समुद्र असे दिलेले आढळतात. मासेमारांच्या दारातले झाड ते तिवर, असा संबंध असावा असे मला मनापासून वाटते.

शब्दनिष्ठ
ध्वनी जुळला म्हणजे नाते सिद्ध होत नाही. झाडाचे नाव माणसांवरून आले याचा मधला एकही दुवा तुम्ही दाखवलेला नाही.

मलबारी
तिवराचे मला माहीत नाही, परंतु ‘कांदळ’ एकटा नाही, हे नक्की. मल्याळममध्ये या झाडांना ‘कंडल’ म्हणतात, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘होर्टुस मलबारिकुस’ या मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांच्या ग्रंथात ते नाव नोंदले गेले. याच कुळातल्या एका प्रजातीचे ‘कँडेलिया’ हे शास्त्रीय नावही त्यावरूनच पडले. केरळात कन्नूर भागात खाडीकाठी आयुष्यभर ही झाडे लावणारे कल्लेन पोक्कुडन लोकांमध्ये ‘कंडल पोक्कुडन’ म्हणूनच ओळखले जात. २०१५ मध्ये ते गेले. झाडाचे नाव माणसाला मिळावे, याहून मोठी पदवी मला तरी सुचत नाही. म्हणून ‘कांदळवन’ हा शब्द केवळ सरकारी म्हणून दूर सारू नये. पश्चिम किनाऱ्याची मोठी आठवण त्यात आहे.

सोपेपणा
नव्या पिढीला यातले काहीच कळत नाही. सरळ ‘मँग्रोव्ह’ लिहावे. तो शब्दसुद्धा मुळात इंग्रजीचा नसून पोर्तुगीज-स्पॅनिश वाटेने आलेला आहे, त्यामुळे त्याचे एवढे वावडे नको.

किनारभाषा
गावातल्या बायका रोज त्या चिखलात उतरून कालवे, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढतात आणि खेकडे पकडतात. त्यांच्या अर्जात त्यांनाच परका वाटेल असा शब्द मी घालणार नाही. माझा आक्षेप शब्दाच्या कुळाला नाही. सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतो हे कळले पाहिजे, इतकेच.

विधिविचार
आपण सर्व ‘कांदळ’ या अर्ध्याभोवती फिरत आहोत आणि कायद्याच्या दृष्टीने जड असलेला ‘वन’ हा दुसरा अर्धा तसाच राहिला आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी वनतोडीसंबंधीच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ‘वन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशात असतो तसाच घ्यायचा, मग त्या जमिनीची मालकी कोणाचीही असो. शब्दचर्चेला इतके महत्त्व देणारा दुसरा निर्णय माझ्या पाहण्यात नाही. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभरातील ही झाडे तोडण्यास मनाई केली आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात त्यांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडला. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार असे क्षेत्र १,००० चौरस मीटरपेक्षा मोठे असेल तर त्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखावा लागतो. या तरतुदींपैकी एकही झाडाच्या जातीवर अवलंबून नाही. म्हणून माझी सूचना अशी: ‘तिवर, चिप्पी व मारंडी या झाडांचे कांदळवन’ असे लिहावे आणि क्षेत्रफळ, गट क्रमांक व भरतीरेषा न चुकता द्यावी. काकांचे झाडही राहील आणि कायद्याचा शब्दही राहील.

किनारभाषा
ही शब्दरचना मला फार आवडली आणि काल संध्याकाळी मी ती बैठकीत वाचून दाखवली. तिवराचे नाव आल्याने काका समाधानी झाले, पण आता हरकत दुसऱ्या टोकाने आली. एका ताईंनी विचारले, “वन म्हटलं की ते वनखात्याचं झालं ना? मग उद्या आम्हाला कालवं काढायला आत सोडतील का?” बैठकीत कोणालाच उत्तर देता आले नाही, मलाही नाही. बाहेरच्या प्रकल्पापासून जागा वाचवताना ती आपल्याच हातून जाऊ नये, ही त्यांची भीती मला खरी वाटते.

विधिविचार
ताईंची भीती अनाठायी नाही. उच्च न्यायालयाने शासकीय जमिनीवरील अशी क्षेत्रे संरक्षित वन म्हणून जाहीर करण्यास सांगितले होते, त्यामुळे ‘वन’ म्हटल्यावर वन विभाग येणारच. मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये मासे आणि पाणवठ्यातील इतर उत्पादने स्पष्टपणे समाविष्ट आहेत. अडचण पुराव्याची आहे. जे अनुसूचित जमातीत मोडत नाहीत त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या, वास्तव्याचा आणि उपजीविकेसाठी वनावर अवलंबून असल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात कोणाची वहिवाट कोणत्या कागदावर नोंदलेली असणार?

भरतीरेषा
जुन्या कागदांत ‘खाजण’ हा शब्द मिळतो का, तो पाहावा. खाजण म्हणजे खाडीच्या पाण्याखाली येणारी खारी जमीन. तिथे लोकांचे येणे-जाणे, बांध घालणे, मासे धरणे हे सर्व गृहीतच असे. ‘वन’ ऐकले की कुंपण डोळ्यांपुढे येते, ‘खाजण’ म्हटल्यावर माणसे दिसतात.

शब्दनिष्ठ
खाजण हा जमिनीचा प्रकार झाला, झाडीचा नव्हे. झाडे तोडल्यावरही खाजण हे खाजणच राहते, त्यामुळे ज्या झाडांसाठी हा अर्ज आहे त्यांनाच तो शब्द सोडून देतो.

व्युत्पत्तिप्रेमी
मग ‘तिवरांचे रान’ लिहावे. रान म्हटले की गुरे चारायला आणि फाटी (जळण) आणायला जायची वाट आपोआप मोकळी असते. रान कोणा एकाच्या मालकीचे नसते.

पाणथळ
आमच्याकडे घाटावर ‘रान’ म्हणजे शेतसुद्धा. “रानात गेलाय” म्हणजे शेतावर गेला आहे, आणि ते रान नेहमी कोणाच्या तरी मालकीचेच असते.

किनारभाषा
कोकणात तसे नाही. तरीही सुनावणीला बसणारे अधिकारी घाटावरचे निघाले तर ‘तिवरांचे रान’ त्यांना तिवराची लागवड वाटेल का? कृपया उद्या दुपारपर्यंत कळवा, संध्याकाळी सह्या घ्यायच्या आहेत.

मलबारी
लागवड वाटणार नाही. परंतु ‘रान’ हा शब्द ‘अरण्य’पासून आला की नाही, हे आधी पाहायला हवे.